'जसं आलं तसं पाठवलं' ही पळवाट आहे

आधीच सांगतो, पोस्ट लांब आहे. वेळ नसेल तर सेव्ह करा, रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण न वाचता 'खूप छान सर' टाकून पुढे ढकलू नका. माझं भांडण त्याच सवयीशी आहे.

सोशल मीडियावर एक जमात आहे. हे लोक स्वतः फारसं लिहीत नाहीत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या, बोललेल्या, छापलेल्या ढिगातून चांगलं शोधतात आणि रोज आपल्यापुढे ठेवतात. कुणी पुस्तकातलं पान टाकतो, कुणी कृषी विद्यापीठाचा सल्ला, कुणी शासन निर्णय, कुणी जुन्या दिवाळी अंकातला लेख. यांना हल्ली 'क्युरेटर' म्हणतात. आमच्या तालुक्यात हा शब्द उच्चारला तर लोकांना वस्तुसंग्रहालयातला साहेब आठवेल. आपल्याकडे जुना शब्द आहे, 'वेचे'. म्हणून मी यांना वेचणारे म्हणतो.

या वेचणाऱ्यांबद्दल दोन मतं कायम कानावर येतात. एक आमच्या पत्रकारांच्या कट्ट्यावरचं: "रिकामटेकडे आहेत. स्वतःला चार ओळी लिहिता येत नाहीत, दुसऱ्याच्या जिवावर लाइक गोळा करतात." दुसरं व्हॉट्सॲप ग्रुपवरचं: "चांगलंच तर पाठवतोय ना? जसं आलं तसं पाठवलं. त्यात आमचं काय?"

मला दोन्ही मतं चूक वाटतात, आणि चूक एकाच ठिकाणी आहे. पाठवणं म्हणजे काहीच न करणं, असं दोघंही धरून चालतात. एक म्हणतो काहीच केलं नाही, म्हणून मान नाही. दुसरा म्हणतो काहीच केलं नाही, म्हणून जबाबदारी नाही.

माझं म्हणणं असं: शंभर गोष्टींतून एक निवडून शंभर लोकांपुढे ठेवणं हे संपादन आहे. ते नीट केलं तर त्याला संपादकाचा मान द्यायला हवा. आणि कसंही केलं तरी त्याची जबाबदारी संपादकाचीच आहे.

आधी मानाचं बोलू.

आमच्या गावात एक निवृत्त ग्रंथपाल आहेत. नाव मुद्दाम देत नाही, त्यांना आवडणार नाही. रोज सकाळी फेसबुकवर एका पुस्तकातला अर्ध्या पानाचा मजकूर टाकतात. खाली चार गोष्टी हमखास: लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, आणि पुस्तक नगर वाचनालयात कुठल्या कपाटात आहे ते. त्या अर्ध्या पानासाठी ते आदल्या दिवशी पन्नास-साठ पानं वाचतात. मध्यंतरी त्यांनी विहिरी आणि बारवांवरच्या एका पुस्तकातला उतारा टाकला. आठवड्याभरात त्या पुस्तकासाठी वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये सात जणांनी नंबर लावला. पुस्तक कित्येक वर्षं कपाटाबाहेर आलं नव्हतं. सात हा आकडा तुम्हाला किरकोळ वाटेल. तालुक्याच्या वाचनालयाचं रजिस्टर कधी पाहिलंय का? पाहिलं असेल तर नाही वाटणार.

आमच्याच भागात एक तरुण शेतकरी आहे. पेरणीच्या आधी त्याच्याकडे सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे पंधरा मेसेज येतात. त्यातले चौदा तो टाकून देतो. ज्यावर राहुरीच्या किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचं नाव आहे, कुठल्या हंगामासाठी आणि कुठल्या जमिनीसाठी हे लिहिलं आहे, तो एकच ठेवतो. तालुक्याच्या कृषी कार्यालयात फोन करून खात्री करतो आणि मग पाठवतो. लोकांना त्याने पाठवलेलं दिसतं. टाकून दिलेले चौदा दिसत नाहीत. त्याचं खरं काम त्या चौदात आहे.

हे काम पूर्वी कोण करायचं? आम्हीच. जिल्हा वर्तमानपत्राचा संपादक, रविवार पुरवणी सांभाळणारा उपसंपादक, गावातल्या चौकात वार्ताफलक लिहिणारा मास्तर. आज काय परिस्थिती आहे? तालुका प्रतिनिधीचा अर्धा जीव वर्धापन दिनाच्या जाहिराती गोळा करण्यात जातो. पुरवण्यांची पानं घटली. जिल्ह्याची पानं लांबच्या शहरात बसून लावली जातात. आणि दुपारी ग्रुपवर फिरलेला मजकूर दुसऱ्या दिवशी 'व्हायरल' अशा मथळ्याखाली छापून येतो. आम्ही सोडलेली जागा या लोकांनी फुकटात धरून ठेवली आहे. त्यांना रिकामटेकडे म्हणण्याआधी आमच्या धंद्याने आरशात बघावं.

आणि निवडण्याचं काम हलकं, हे मराठीत कधीपासून ठरलं? परशुरामतात्या गोडबोल्यांनी १८५४ मध्ये 'नवनीत' हा जुन्या मराठी कवितांच्या वेच्यांचा ग्रंथ काढला. त्यातली कविता त्यांची नव्हती. पण कितीतरी लोकांना मोरोपंत, वामन पंडित, मुक्तेश्वर भेटले ते त्या वेच्यांतून. त्याहून मोठं उदाहरण एकनाथांचं. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकलाकारांच्या चुका आणि भर शिरली होती. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, तो पाठ शुद्ध केला. नाथ स्वतः किती मोठे कवी! मनात आणलं असतं तर शंभर ओव्या सहज घातल्या असत्या. त्यांनी घातल्या नाहीतच, वर शेवटी ताकीद देऊन ठेवली की यात कुणी आपली ओवी मिसळू नये. दुसऱ्याचं पुढे कसं द्यायचं याचा धडा आपल्याला सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच मिळाला आहे.

उलटं उदाहरणही घरचंच आहे. तुकोबांच्या गाथेत कित्येक अभंग प्रक्षिप्त आहेत असं अभ्यासक सांगतात. लिहिणारा भलताच, शेवटी मुद्रा तुकोबांची. आपल्या शब्दांना वजन यावं म्हणून थोर माणसाचं नाव चिकटवायचं, ही खोड व्हॉट्सॲपने आणलेली नाही. त्याने तिला फक्त चाकं लावली.

आता जबाबदारीचं. इथे माझा सूर थोडा चढेल.

पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले. वपु काळे २००१ मध्ये. व्हॉट्सॲप आलं २००९ मध्ये. तरी माझ्या फोनवर दर आठवड्याला पुलंचा 'नवा' लेख येतो. मागे एकात सेल्फीवर कोटी होती! पाठवणारे मराठीचे प्राध्यापक. विचारलं तर म्हणाले, "अरे, नाव कुणाचंही असो, विचार चांगला आहे ना?"

नाही सर. नाव कुणाचंही नसतं. ज्या कुणी तो मजकूर लिहिला, कदाचित एखाद्या गृहिणीने, एखाद्या बँकेतल्या क्लार्कने, त्याचं आयुष्यातलं एकमेव वाचलं गेलेलं लिखाण तुम्ही त्याच्याकडून काढून घेतलं आणि ज्यांना गरज नाही त्या पुलंना दिलं. आणि पुलंनी जे कधीच लिहिलं नसतं ते त्यांच्या तोंडी घातलं. एका झटक्यात दोघांवर अन्याय. तोही 'चांगला विचार' म्हणून.

हा फक्त सभ्यतेचा प्रश्न नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. लेखकाने हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलं' असं म्हणण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहतो. त्याच्या अब्रूला धक्का लागेल अशी मोडतोड केली तर तो हरकत घेऊ शकतो. आणि कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे अख्खा लेख नाव कापून चिकटवणं ही 'सेवा' नव्हे. त्याला साध्या मराठीत ढापणं म्हणतात. खाली 'साभार' लिहिलं म्हणून सुटका होत नाही. साभार कुणाचं? आभार मानायचे तर माणसाचं नाव नको का?

पण नाव कापल्याने फक्त लेखकाचं नुकसान झालं असतं, तर मी एवढी मोठी पोस्ट लिहिली नसती. नाव कापलं की पुष्कळदा अर्थही कापला जातो, आणि त्यात माणसं मरतात.

२०१८ मध्ये देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलतात आणि पळून जातात. सोबत इशारा: मुलं पळवणारी टोळी आली आहे. तो व्हिडिओ होता पाकिस्तानातल्या कराचीचा. मुलांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या एका संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी बनवलेली ती फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये शेवटी मोटारसायकल परत येते, पोराला सोडलं जातं आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवला जातो. कुणीतरी शेवट कापला. फलक गेला, संस्थेचं नाव गेलं, शहर गेलं, देश गेला. उरली भीती. पालकांना शहाणं करण्यासाठी केलेल्या फिल्मचा वापर अनोळखी माणसांना ठेचण्यासाठी झाला.

त्याच वर्षी १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. त्या भागातही मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच माणसांना जमावाने धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेस्तोवर मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढा तालुक्यातली. पिढ्यान्‌पिढ्या भटकंती करून पोट भरणाऱ्यांना गावं अनोळखी नसतात. फोनने त्या दिवशी त्यांना अनोळखी केलं.

मारणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले, व्हायलाच हवे होते. पण त्या अफवा पुढे ढकलणारे किती असतील? हजारो. त्यातला प्रत्येक जण आपापल्या घरी शांत झोपला असणार. का? तर 'मी फक्त जसं आलं तसं पाठवलं.' त्यांच्यापैकी कुणाचाही हेतू वाईट नसेल, हे मी मान्य करतो. उलट बहुतेकांचा चांगलाच असेल, शेजाऱ्याच्या लेकराची काळजी. चांगल्या हेतूने केलेला निष्काळजीपणा किती महाग पडतो, ते मंगळवेढ्याकडच्या त्या घरांना विचारा.

मी डिप्लोमा केला तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी ककार शिकवले. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. यातला एक जरी नसला तरी बातमी परत. टोळीच्या त्या मेसेजमध्ये 'काय' सोडून एकही ककार नव्हता. कुठलं गाव? कुठली तारीख? कुठलं पोलीस ठाणं? कुणाचं मूल? एका माणसाने एकच प्रश्न विचारला असता तर त्याच्यापुरती ती साखळी तिथे तुटली असती. प्रश्न विचारायला पत्रकारितेचा डिप्लोमा लागत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. ठीक आहे, वेग कमी झाला असेल. पण ते दोन बाण काय सांगतात? एवढंच की हे लांबून आलं आहे. कुठून आलं ते सांगत नाहीत. ते सांगणं कंपनीच्या यंत्राचं काम नाही, पाठवणाऱ्याचं आहे.

आता याच्या अगदी उलट गोष्ट सांगतो. एप्रिल २०२१. दुसरी लाट. ऑक्सिजन, बेड, रेमडेसिव्हिर. सगळ्यांच्या फोनवर नंबरांच्या याद्या येत होत्या. आठवतंय? लावला की बंद. लावला की "साहेब, तो नंबर केव्हाच बंद झाला." लावला की पलीकडे रडणारा माणूस, कारण त्याचा घरचा नंबर चुकून यादीत गेला होता. रात्री दोन वाजता बापाला श्वास लागलेला असताना अशा बंद नंबरांवर गेलेली वीस मिनिटं किती मोठी असतात, हे त्या काळात ज्यांनी फोन लावले त्यांनाच माहीत.

त्या वेळी आमच्या तालुक्यात दोन पोरं होती. एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, दुसरा डी. फार्मसीला. त्यांनी नियम केला होता: स्वतः फोन लावल्याशिवाय यादीत नंबर नाही. प्रत्येक नंबरापुढे वेळ. 'सकाळी ९.४०, फोन उचलला, दोन बेड आहेत.' 'दुपारी १२.१५, बेड संपले, काढला.' दोन तासांनी जुनी यादी पुसायची, नवी टाकायची. खाली दोघांची नावं आणि त्यांचे स्वतःचे नंबर. चुकलं तर शिव्या घालायला माणूस हजर. एकही आकडा त्यांनी निर्माण केला नव्हता. सगळी माहिती दुसऱ्यांचीच. त्यांनी फक्त निवडलं, तपासलं, वेळ घातली, शिळं काढून टाकलं आणि खाली सही केली. बाकीच्या याद्या 'कुणाला गरज असेल तर पुढे पाठवा' म्हणत आठ-आठ दिवस फिरत राहिल्या. दोन्ही म्हणे 'शेअरिंग'! एकाच शब्दात ही दोन कामं कोंबणं हाच खरा घोटाळा आहे.

म्हणून वेचणाऱ्यांची पारख मी कशावर करतो ते सांगतो. फार नाही, चार गोष्टी.

१. मूळ नाव आणि ठिकाण आहे का? लेखक, पुस्तक, अंक, भाषण कुठे झालं. शासन निर्णय असेल तर विभाग, तारीख आणि त्यावरचा सांकेतांक. शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकून कुणालाही खरंखोटं दोन मिनिटांत कळतं. 'सरकारचा मोठा निर्णय' एवढंच लिहिलेला फोटो म्हणजे निर्णय नव्हे.

२. तारीख आहे का? दर पावसाळ्यात जुन्या पुराचे व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून फिरतात. २०१९ चं कोल्हापूर-सांगलीचं पाणी खरं होतं. पण ते आज गावात शिरलंय असं सांगणं खोटं आहे. खऱ्या गोष्टीची तारीख काढली की ती खोटी होते.

३. कात्री कुठे चालवली ते सांगितलंय का? उतारा द्या, अख्खा लेख उचलू नका. मधलं गाळलं तर गाळलं असं लिहा आणि मुळापर्यंत जायचा रस्ता ठेवा. कराचीच्या फिल्मचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

४. निवडणारा स्वतः काय म्हणतो? 'मला हे का महत्त्वाचं वाटलं' अशा दोन ओळी. पटलं नसेल तर 'पटलं नाही, पण वाचायला हवं' असं लिहा. पण आपलं आपल्या जागी आणि लेखकाचं लेखकाच्या जागी. नाथांची ताकीद लक्षात ठेवा.

यात 'कुणाकडून मिळालं' हेही सांगता आलं तर उत्तम. अमेरिकेतल्या मारिया पोपोव्हा यांनी २००६ मध्ये सात ओळखीच्या लोकांना दर आठवड्याला निवडक वाचन ई-मेलने पाठवायला सुरुवात केली. पुढे जगभरातले लोक त्यांचं वाचू लागले. २०१२ मध्ये त्यांनी सुचवलं की दुसऱ्याने शोधलेलं पुढे देताना शोधणाऱ्याचंही श्रेय दिसावं यासाठी खास चिन्हं वापरा. ती चिन्हं काही रुळली नाहीत. आपल्याला चिन्हांची गरजही नाही. 'हे मला अमक्या मॅडमच्या भिंतीवर सापडलं' एवढं साधं वाक्य पुरतं.

आता लोक काय म्हणणार तेही ठाऊक आहे.

पहिला आक्षेप: "सामान्य माणसाला एवढं तपासायला वेळ कुठे आहे?" वेळ नसेल तर पाठवू नका. कुणी वाट बघत बसलेलं नाही. पूर्वी संतोषी मातेच्या नावाने पोस्टकार्डं यायची, इतक्या जणांना लिहा नाहीतर अनर्थ होईल. ती निदान हाताने लिहावी लागायची, कार्डाचे पैसे पडायचे. चार कार्डांनंतर माणसाचा हात दुखायचा आणि अक्कल परत यायची. आता अंगठा दुखत नाही, म्हणून अक्कल स्वतःहून आणावी लागते.

दुसरा आक्षेप: "म्हणजे तुम्हाला सेन्सॉरशिप पाहिजे. फॉरवर्ड केलं की पोलीस." अजिबात नाही. हे मी ठासून सांगतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतर बंदबद्दल प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट लिहिली म्हणून पालघरच्या एका मुलीला अटक झाली, आणि ती पोस्ट लाइक केली म्हणून तिच्या मैत्रिणीलाही. लाइक केलं म्हणून! ती लाज आपल्या राज्याने पाहिली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, ते योग्यच झालं. सदस्याने टाकलेल्या मजकुराला ग्रुपचा ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात सांगितलं. तेही मला पटतं.

पण स्वतः पाठवणाऱ्याचं काय? तामिळनाडूत एका नट-राजकारण्याने २०१८ मध्ये महिला पत्रकारांबद्दलची गलिच्छ पोस्ट शेअर केली. नंतर काढली, माफी मागितली आणि म्हणाला, मी न वाचताच पुढे पाठवली होती. जुलै २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हा बचाव मानला नाही. पुढे पाठवलेला मेसेज म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण, असं न्यायालयाने म्हटलं. पाठवला तोवर तुमच्या हातात, नंतर परिणाम तुमच्या माथी. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दिलासा दिला नाही. मला फौजदार नको आहेत. पण 'वाचलं नव्हतं' हे उत्तर शाळेतल्या पोरानेही द्यायला लाजावं, मोठ्यांनी तर सोडाच.

तिसरा आक्षेप आमच्या बिरादरीचा: "निवडीत पूर्वग्रह असतो." असतोच. संपादकाचा नव्हता? पण एक सांगा, या लोकांनी निवडलं नाही तर तुमच्या फोनवर काय येणार? निवड थांबत नाही. ती कंपनीचं गणित करतं. तुम्ही कुठे थांबता, कुठे चिडता, कुठे भांडता हे मोजून ते पुढचं वाढतं. त्या गणिताला नाव नाही, गाव नाही, त्याला चौकात गाठून 'हे का दाखवलंस' असं विचारता येत नाही. ग्रंथपालांना विचारता येतं. ते रोज सकाळी सव्वासहाला मारुतीच्या देवळापाशी फिरायला येतात. माझ्या दृष्टीने फरक एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला बारीक अक्षरांत एक ओळ असते. मालक कोण, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, कुठे छापलं. १८६७ च्या कायद्याने ती आली. तो कायदा जाऊन आता २०२३ चा नवा आला. लहान पेपरांत शेजारी आणखी एक वाक्य असतं: प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असं नाही. लोक त्या वाक्याला हसतात. पण दोन्ही ओळी एकत्र वाचा. मत माझं नसेल, पण छापलं मी आहे, आणि हा माझा पत्ता. 'जसं आलं तसं पाठवलं' म्हणणाऱ्याला यातली सोयीची अर्धी ओळ हवी आहे. पत्ता नको आहे.

आज तुमच्या ग्रुपमध्ये दोनशे छप्पन्न माणसं असतील तर ती एखाद्या गावपेपरच्या ग्राहकांपेक्षा फार कमी नाहीत. तुम्ही मानो न मानो, तुमच्या हातात छापखाना आहे. मग तळाची ओळही तुमच्याच नावाची.

शेवटी दोन विनंत्या.

एक, आपापल्या गावातल्या चांगल्या वेचणाऱ्यांना हुडका. पुस्तकांचे, शेतीचे, शासन निर्णयांचे, आरोग्याचे, जुन्या फोटोंचे. रोज नाव-तारखेसकट टाकणारे. त्यांच्या पोस्टवर नुसता अंगठा देऊ नका. मूळ पुस्तक मागवा, अंकाची वर्गणी भरा, चूक दिसली तर सभ्यपणे दाखवा. त्यांना पैसे मिळत नाहीत, निदान वाचक तरी मिळू देत. कमेंटमध्ये त्यांच्या पानांची ओळख करून द्या, पण त्यांना विचारून.

दोन, ही पोस्ट पुढे पाठवायची असेल तर पूर्ण पाठवा, माझ्या नावासकट आणि आजच्या तारखेसकट. पटली नसेल तर कुठे पटली नाही ते वर लिहून पाठवा, त्याचा मला आनंदच होईल. पण कृपा करून खाली पुलंचं नाव टाकू नका.